हलक्या अंगाचा खेळाडू

माझा भाचा अंगाने किरकोळ. शाळेत धक्के खातो, म्हणून 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली'मध्ये कायम धिप्पाड बाउझर घेतो. मी जिगलीपफ घेतो. "मामू, हा फुगा कशाला?" तो हसतो.

फुगाच तो. जोराचा फटका बसला की मंचाबाहेर. पण हवेत तो आणखी पाच उड्या मारतो. फटक्याच्या टप्प्याबाहेर तरंगतो, समोरच्याचा वार हुकला की आत शिरतो. त्याचा जालीम डाव म्हणजे झोप. अगदी भिडून डोळे मिटले तर समोरचा उडालाच. नेम चुकला तर आपण निजलेले, बेसावध. 2016 च्या इव्हो स्पर्धेत हंग्रीबॉक्स याच जिगलीपफच्या जोरावर जिंकला.

अंतर राखणं म्हणजे घाबरणं नव्हे, एवढं भाच्याला पटलं तरी पुष्कळ.