झील कोण धरणार?

बालमित्रांनो, स्वारगेटहून साताऱ्याच्या रस्त्याने कात्रजकडे निघालात, की डाव्या हाताला बिबवेवाडी लागते. एका अंगाला मार्केट यार्डातली भाजी, फुलं आणि गूळ-भुसाराची धांदल, तर दुसऱ्या अंगाला टेकडीच्या उतारावर चढत गेलेली घरं! या गजबजलेल्या भागात पुणे महानगरपालिकेचं एक नाट्यगृह आहे. त्याचं नाव लोकशाहीर अण्णाभाऊ साठे सभागृह.

हे अण्णाभाऊ कोण, ठाऊक आहे ना? सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात १९२० साली त्यांचा जन्म झाला. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले म्हणतात! पण पुढे त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या, लोकनाट्यं रचली. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारलं आणि कामगारांच्या वस्त्यांमधून गाणी-नाट्यं सादर केली.

आता एक गंमत पाहा हं. शाहीर पोवाडा गातो तेव्हा तो एकटा नसतो. मागे झीलकरी उभे असतात. शाहिराने ओळ सोडली, की ते ती उचलतात आणि ‘जी जी’ करत सूर धरून ठेवतात. तेवढ्यात शाहीर दम घेतो. झीलकरी चुकले, तर भल्या शाहिराचाही पोवाडा कोसळतो!

हे सांगायचं कारण म्हणजे तुमची सुट्टी. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत गाण्यांचं बालनाट्य बसवायचं ठरलं, की आधी निवड चाचणी होते. तुम्ही तिला ऑडिशन म्हणता. पोटात गोळा येतो, हातपाय थरथरतात. पण ताई-दादा तिथे काय बघतात? दोन ओळी सुरात येतात का, टाळीचा ठेका सुटत नाही ना, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचतो का, आणि दुसरा बोलत असताना तुम्ही ऐकता का? हे शेवटचं फार मोलाचं बरं का! म्हणून तोंडपाठ भाषणापेक्षा तुम्हाला नीट येणारं, तुमच्या पट्टीतलं साधं गाणं घेऊन जा. अडखळलात तर थांबू नका, पुढे चला.

मग यादी लागते. राजकन्या दुसरीच, आणि तुमचं नाव ‘गावकरी’ या शब्दापुढे! रडू येणारच. पण निवड म्हणजे परीक्षेतला नंबर नव्हे. कुठला आवाज, कुठला चेहरा कुठे शोभेल, याची ती जुळणी असते. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण आठवा. ती गाजवली दिलीप प्रभावळकरांनी, आणि २०१८ साली नव्याने आलेल्या नाटकात वैभव मांगले यांनी. चेटकिणीसाठी पुरुष नट! आहे की नाही गंमत?

आणि रांगेतल्यांचं काय? १९७२ साली पुण्याच्याच रंगमंचावर ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक आलं. जब्बार पटेलांनी बसवलेल्या या मोठ्यांच्या नाटकात माणसांची रांगच पडदा झाली होती. ती गात, नाचत, डुलत उभी राहायची. ती सरकली की मागचा प्रसंग दिसायचा आणि पुन्हा जुळली की झाकला जायचा. त्या रांगेतला एकजण जरी ढिला पडला असता, तर पडद्याला भोकच पडलं असतं की!

आईबाबांनाही एक विनंती. मूल चाचणीहून घरी आलं, की ‘मुख्य काम मिळालं का?’ असं आधी विचारू नका. ‘गाणं कोणतं आहे? म्हणून दाखव बरं!’ असं म्हणा. आणि जमलं तर त्याच्या ओळीला तुम्हीच झील धरा.

बालमित्रांनो, बिबवेवाडीला गेलात, तर त्या नाट्यगृहावरचं शाहिराचं नाव जरूर वाचा. आणि त्या नावामागे उभे असलेले झीलकरीही आठवा!