काका, खेळासोबत तुम्हीही येणार का?

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी आमच्या नगरचा भुईकोट किल्ला पाहिलाय? (२०२४ पासून नाव अहिल्यानगर झालं आहे, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं. सांभाळून घ्या.) किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर उभा राहतो. हा मात्र सपाट जमिनीवर आहे. भोवती रुंद खंदक आणि गोल फिरत गेलेला दगडी तट. शाळेच्या सहलीला आम्हीही तिथे गेलो होतो. पंडित नेहरूंना १९४२ साली जिथे कैदेत ठेवलं ती खोली पाहिली, ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी इथेच लिहिलं हे वहीत टिपलं, डबे खाल्ले नि परत निघालो. पण निघता निघता बाईंनी एक गोष्ट सांगितली. ती काही माझ्या डोक्यातून गेली नाही.

गोष्ट डिसेंबर १५९५ ची. अकबर बादशहाचा मुलगा मुराद मोठी फौज घेऊन आला आणि त्याने या किल्ल्याला वेढा घातला. आत होती चांदबीबी. नगरच्या निजामशहाची लेक, विजापूरच्या आदिलशहाची राणी. पती वारल्यावर ती माहेरचं राज्य सांभाळायला आली होती. मोगलांनी तटाच्या पायाखाली भुयारं खणली. भुयारात दारू ठासायची आणि बत्ती द्यायची, की वरचा तट कोसळलाच! (दारू म्हणजे तोफेची दारू, बरं का.) यालाच सुरुंग म्हणतात. आतल्या लोकांना सुगावा लागला. त्यांनी आतून खणत जाऊन काही सुरुंग शोधले आणि निकामी केले.

जरा डोळे मिटून बघा. जमिनीखाली मिट्ट काळोख. बाहेरून एकजण खणतोय, आतून दुसरा. पलीकडून कुदळीचा ठक्‌ ठक्‌ आवाज येतोय. अंगावर काटा येतो की नाही?

मी मोठा झालो, एका दुकानात हिशेब लिहायला लागलो. पण कॉम्प्युटरचं वेड होतं, नि ते भुयारही डोक्यात होतंच. शेवटी ठरवलं, आपण यावर व्हिडिओ गेम करायचा. नाव ‘सुरुंग’. ‘गोडो’ नावाचं गेम बनवायचं साधन फुकट मिळतं. ते उतरवून घेतलं आणि रोज रात्री जेवणं झाली की बसायला लागलो. तब्बल एक वर्ष!

खेळ कसा, ते थोडक्यात सांगतो. गणिताच्या वहीसारख्या चौकटी. तुम्ही एक घर सरकलात की शत्रूही एक घर सरकणार. तुमच्या हातात मशाल, तिचा उजेड चार घरांपुरता. पुढे काय आहे ते गेल्याशिवाय कळणार नाही. पत्ते पिसावेत तशा भुयाराच्या खोल्या दर वेळी पिसल्या जातात, म्हणून पाठ करून जिंकता येत नाही. तीन सुरुंग शोधायचे, एक जरी उडाला तर खेळ खलास. इंग्रजीत अशा खेळांना ‘डन्जन क्रॉलर’ म्हणतात. डन्जन म्हणजे तळघरातली कोठडी आणि क्रॉल म्हणजे रांगणं.

मला वाटलं, काय झकास खेळ केलाय आपण! पहिला मान अर्थात माझ्या पुतणीला. ती सातवीत आहे. ती खेळायला बसली, मी शेजारी.

‘‘अगं, डावीकडे नको, उजवीकडे वळ.’’

वळली.

‘‘ते मडकं फोडू नकोस, त्यात तेल आहे! आता थांब, तो शिपाई जाऊ दे. हां, आता पळ!’’

पाच मिनिटांनी तिनं माझ्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे विचारलं, ‘‘काका, ज्याच्या घरी हा गेम जाईल, त्याच्या घरी तुम्ही पण जाणार का सोबत?’’

मी गप्पच झालो. तिचं बरोबर होतं. मडक्यात तेल आहे हे मला माहीत, कारण ते मीच भरलेलं. तिला कसं कळावं? खेळणाऱ्याला एखादी गोष्ट सांगावी लागली, तर ती खेळात सांगायची राहून गेलेली असते.

मग मी एक नियम केला. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या गल्लीतली आठ मुलं दुपारी यायची. प्रत्येकाला अर्धा तास, त्याहून जास्त नाही. (ही अट त्यांच्या आयांची, आणि मला मान्य!) मूल खेळत असताना मी तोंड उघडायचं नाही. वही घेऊन मागे बसायचं. कुठे अडलं, कुठे हसलं, कुठे जांभई दिली, एवढंच लिहायचं. सोपं वाटतं ना? करून बघा. आपण केलेल्या दारासमोर एखादा मुलगा दहा मिनिटं चकरा मारतोय, आणि ‘अरे, किल्ली तुझ्या मागे आहे’ हे शब्द आपण गिळून टाकायचे. जिभेला फेस यायचा बाकी राहतो!

पण त्या वहीनं मला पुष्कळ शिकवलं. एक मुलगा धोक्याच्या फरशीवर मुद्दाम गेल्यासारखा जायचा नि मरायचा. मला राग आला. लाल फरशी म्हणजे धोका, हिरवी म्हणजे सुरक्षित, इतकं साधं कळू नये? शेवटी खेळ संपल्यावर विचारलं. तो म्हणाला, ‘‘कुठली लाल? मला तर सगळ्या सारख्याच दिसतात.’’ काहीजणांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. तो दोष बहुधा जन्मापासूनचा असतो आणि मुलींपेक्षा मुलांत जास्त आढळतो. मी हे वाचलं होतं, पण फरश्या रंगवताना आठवलं नव्हतं. त्याच रात्री प्रत्येक धोक्याच्या फरशीवर मी फुली काढली.

दुसऱ्याची मागणी होती, ‘‘काका, मोठी तलवार द्या.’’ तिसऱ्याची तर, ‘‘भुयारात बुलेट पाहिजे. फटफटी!’’ १५९६ साली बुलेट कुठून आणू? पण तलवारीचं मी मनावर घेतलं. मोठी तलवार दिली. तरी तो मुलगा मरतच राहिला. वही उलटून पाहिली तेव्हा कळलं. शत्रूनं मारण्याआधीच तो दारूच्या कोठारात मशाल घेऊन शिरत होता, आणि आपण कशानं मेलो हे त्याला कळतच नव्हतं. मग मी जमिनीवर सांडलेल्या दारूची एक काळी रेघ काढली, कोठारापर्यंत जाणारी. तलवार परत लहान केली. त्यानं तक्रार केली नाही. दुखतं कुठे हे पेशंटनंच सांगायचं असतं, पण औषध डॉक्टरनं ठरवायचं, तसं काहीसं आहे हे.

आता त्या आठांतला आठवा. हा कधी बोलायचाच नाही. आला, खेळला, तिसरा सुरुंग उडाला, पडद्यावर ‘खेळ संपला’ अशी अक्षरं आली. त्यानं मोबाइल खाली ठेवला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बोलणाऱ्याचं ऐकणं सोपं असतं हो. गप्प उठून जाणाऱ्याचं काय लिहायचं वहीत? आठवड्यानं तो दुधाची पिशवी घेऊन जाताना भेटला. मी विचारलं, ‘‘का रे, आवडला नाही?’’

तो पायानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, ‘‘सुरुंग उडाला की संपलं, असं कसं? चांदबीबीचं कुठं संपलं होतं?’’

मी घरी आलो तो चिडूनच. वर्षभर राबून खेळ केला आणि हे पोरगं म्हणतंय की शेवटच चुकला! तीन दिवस कॉम्प्युटर उघडला नाही. पण राग कसला, ते मला आतून माहीत होतं. बाईंनी सांगितलेली गोष्ट मी अर्धीच घेतली होती.

पुढची अर्धी अशी. सगळे सुरुंग सापडायच्या आत, फेब्रुवारी १५९६ मध्ये, एक उडालाच. तटाला मोठं खिंडार पडलं. आता किल्ला गेला, असंच सगळ्यांना वाटलं. पण चांदबीबी हातात तलवार घेऊन स्वतः खिंडारापाशी आली. तिला पाहून पळणारे मागे फिरले. दिवस मावळेपर्यंत मोगलांना आत शिरता आलं नाही, आणि रातोरात तिनं ते खिंडार बुजवून घेतलं. सकाळी मोगल बघतात तर भिंत उभी! अखेर तह झाला. वऱ्हाड मोगलांना द्यावं लागलं, पण किल्ला वाचला. पुढे १६०० साली तिच्याच माणसांनी तिला मारलं आणि मग किल्ला पडला, हेही खरं. पण त्या रात्री तो पडला नव्हता.

चौथ्या दिवशी मी पुन्हा बसलो. त्याच सुमारास अशा खेळांचा इतिहास वाचत होतो, त्यानंही धीर आला. या जातीचा प्रसिद्ध खेळ म्हणजे ‘रोग’. मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यार्थ्यांनी तो १९८० च्या सुमारास केला. त्यात चित्रं नव्हतीच. पडद्यावर नुसती अक्षरं आणि चिन्हं, तरी सोबतचे विद्यार्थी खेळून खेळून सांगायचे आणि हे दोघं सुधारायचे. १९८७ साली आलेला ‘नेटहॅक’ तर एकमेकांपासून दूर राहणाऱ्या मंडळींनी कॉम्प्युटरच्या जाळ्यावरून चुका नि सूचना कळवत पुढे कित्येक वर्षं वाढवला. ‘हेडीस’ हा खेळ त्याच्या कर्त्यांनी डिसेंबर २०१८ मध्ये अपुराच लोकांच्या हाती दिला, त्यांचं ऐकत ऐकत सप्टेंबर २०२० मध्ये पुरा केला. आणि आपल्या पुण्याचं उदाहरण घ्या. तिथल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा चमूनं ‘राजी’ या खेळासाठी २०१७ मध्ये लोकांकडे वर्गणी मागितली. ती पुरेशी जमली नाही. तरी २०२० साली ‘राजी’ जगभर गेला. खिंडार पडलं तरी रात्र हातात असते, ती अशी.

मग मी ‘सुरुंग’ बदलला. आता सुरुंग उडाला तर ‘खेळ संपला’ येत नाही. आकाशात चांदणं येतं आणि नवा डाव सुरू होतो. पहाट व्हायच्या आत दगड, लाकडं, माती, मिळेल ते आणून खिंडार बुजवायचं. एवढ्यासाठी मला आणखी चार महिने लागले. खेळ अजूनही पुरा झालेला नाही.

तयार झाल्यावर त्या आठव्याला निरोप पाठवला. आला. खेळला. सुरुंग उडाला, चांदणं आलं, तो सरसावून बसला. मी वही घेऊन मागे. शेवटचे दोन दगड लावायचे राहिले आणि कोंबडा आरवला. हरला! मला वाटलं, आता हा पुन्हा उठून जाणार. तो काही बोलला नाही. त्यानं ‘परत’चं बटण दाबलं. मी वहीत तेवढाच एक शब्द लिहिला.

तुम्हालाही असा खेळ करून बघायचा असेल तर कॉम्प्युटर नसला तरी अडत नाही. चौकटीची वही घ्या. एका पानावर भुयार काढा, त्यात तीन सुरुंग आणि दोन शिपाई लपवा. वर एक कोरा कागद ठेवा आणि खेळणारा जाईल तेवढंच घर उघडा. फासा सापशिडीचा चालेल. मग धाकट्या भावाला नाहीतर आजीला खेळायला बसवा.

आणि हो, ती अडली तरी बोलायचं नाही. जमतंय का बघा!