टेकू, तरफ आणि माझी कंबर

टीम आउटिंगला गोल्फच्या ड्रायव्हिंग रेंजवर जायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, यात काय एवढं? बॉलर नाही, फिल्डर नाही, चेंडू बिचारा गप्प उभा. विटी-दांडू खेळून मोठे झालो आपण! पहिले चार फटके हवेत गेले. पाचवा चटईवर. सहाव्याला कंबरेत अशी कळ आली की सोमवारी रजा टाकावी लागली. शेजारी साठीचे एक काका, पन्नास किलोही भरणार नाहीत, आळस दिल्यासारखी काठी फिरवत होते आणि चेंडू थेट लांबच्या जाळीकडे. "अरे, ढकलतोस कशाला तिला? तिची ती येऊ दे," एवढंच म्हणाले.

पडल्या पडल्या (दुसरं करणार काय!) शाळेतली तरफ आठवली. पहारेने दगड उचलताना टेकू दगडाजवळ असतो, म्हणून थोड्या जोरात मोठं वजन हलतं. गोल्फमध्ये सगळं उलटं. टेकू मानेखाली, जोर अलीकडे आणि भार काठीच्या पार टोकाला. म्हणजे आपला चिमटा! खांद्यापासून पंजे साधारण ६५ सेंमी, पुढे ड्रायव्हर ११५. हात ताठ धरून फिरवले तर टोकाचा वेग पंजांच्या पावणेतीन पट, पण तिथे पोचणारं बल तितक्याच पटीने कमी. यांत्रिक फायदा जेमतेम ०.३६. इंजिनिअरिंगची चार वर्षं 'फायदा' एकपेक्षा कमी म्हणजे तोटाच असं मी धरून चाललो होतो. इथे वेगच हवाय, म्हणून तो तोटा मुद्दाम पत्करायचा.

पण खरी गंमत मनगटात आहे. कॉकरन आणि स्टॉब्स यांनी १९६८ च्या पुस्तकात स्विंगला दुहेरी लंबक म्हटलंय: हात हा एक लंबक, त्याच्या टोकाला मनगटाची बिजागरी, आणि तिला लटकलेली काठी हा दुसरा. सुरुवातीला काठी हाताशी काटकोनात दुमडलेली, म्हणून फिरवायला हलकी. मग फिरता फिरता ती आपोआप बाहेर फेकली जाते, हात मंदावतात आणि त्यांची ऊर्जा टोकाकडे जाते. चाबकासारखंच. मी मनगटं गच्च आवळून त्या बिजागरीला वेल्डिंगच मारलं होतं. राहिलेला जोर मग कंबरेने काढला.

टोकाला सुमारे २०० ग्रॅमचं डोकं, समोर ४६ ग्रॅमचा चेंडू. दोघांची भेट अर्ध्या मिलिसेकंदाची, आणि चेंडू निघतो डोक्याच्या जवळजवळ दीडपट वेगाने. तेवढ्या वेळात ढकलणार तरी काय, कप्पाळ?

तीन आठवड्यांनी, बायकोला न सांगता, परत गेलो. तीस चेंडूंतले चार नीट गेले. चौथ्याला तर हाताला काहीच जाणवलं नाही, नुसता टक्कन आवाज. वळून पाहिलं, पण काका त्या दिवशी आले नव्हते.