मॅडम, वॉर्डात या ना!

ऑफिसात बॉस खेकसला तर आपण काय करतो? कॅन्टीनमध्ये त्याची नक्कल करतो, एचआरला मेल टाकतो, नाहीतर सरळ नवी नोकरी शोधतो. माझ्या मावसबहिणीकडे यातला एकही पर्याय नाही. ती बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पोस्टिंगला वॉर्डात ती ना स्टाफ, ना पेशंट. आणि तास भरले नाहीत तर परीक्षा हुकते!

गेल्या वर्षी एक सीनियर सिस्टर तिला पेशंटसमोर रोज 'गावठी' म्हणायची. शिकवणं दूरच, नुसत्या स्टोअरच्या फेऱ्या. महिन्याभरात हिचा फोन, 'ताई, मी सोडतेय.'

तिला थांबवलं तिच्या ट्यूटर मॅडमनी. 'आमच्या वेळी तर...' ही टेप त्यांनी लावलीच नाही. ऐकून घेतलं. तारीख, वेळ, कोण हजर होतं, सगळं लिहून ठेवलं. मग विचारलं, 'तक्रार करायचीय की आधी वॉर्ड बदलायचाय?' ही म्हणाली, वॉर्ड. एकही तास न बुडवता तो बदलून मिळाला. वर मॅडम स्वतः त्या जुन्या वॉर्डात रोज चक्कर मारू लागल्या. बाई दारात दिसल्या की आवाज आपोआप खाली येतात म्हणे!

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. टाळली तर गुन्ह्याला त्याचीही साथ धरली जाते. तरीही २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी जीव दिला. तीन सीनियर डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. आपण आधीच तक्रार केली होती, असं त्यांच्या आईचं म्हणणं होतं. म्हणूनच त्या मॅडमची वही मला महत्त्वाची वाटते. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं, कागद राहतो.

शिवाय ओरडणारी पगारी सिस्टर असेल तर? तिथे मुलीच्या बाजूने बोलणार कोण? शिक्षकच!

बहीण आता मजेत आहे. ती सिस्टर मात्र तिथेच आहे, आणि दर महिन्याला नवी बॅच येते. एकट्या मॅडम किती वॉर्डांना पुरणार?