बेटावरची वडीलधारी माणसे

जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रात तेशिमा नावाचे एक लहानसे बेट आहे. नावाचा अर्थ ‘समृद्ध बेट’. झऱ्यांचे बारमाही पाणी, डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे आणि भोवती मासळीचा समुद्र. नाव शोभावे असेच ते होते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९० पर्यंत एका व्यावसायिकाने तेथे मोडीत काढलेल्या मोटारींचा चुरा, टाकाऊ तेल आणि कारखान्यांतला गाळ बेकायदा आणून टाकला, उघड्यावर जाळला. प्रशासनाने काणाडोळा केला. पोलिसांची धाड पडली तेव्हा लोक या समृद्ध बेटाला ‘कचऱ्याचे बेट’ म्हणू लागले होते.

पुढची गोष्ट चिकाटीची आहे. १९९३ मध्ये ५४९ रहिवाशांनी, कोहेई नाकाबो या वकिलांच्या साथीने, सरकारदरबारी दाद मागितली. त्यांत वयोवृद्धांचा भरणा मोठा होता. न्याय मिळायला २००० साल उजाडले. त्यानंतर २००३ ते २०१७ अशी चौदा वर्षे तो कचरा आणि विषारी माती मिळून सुमारे नऊ लाख टन ऐवज बेटावरून हलवला गेला. दाद मागणाऱ्यांपैकी अनेकांना हा दिवस पाहता आला नाही.

मराठवाड्यातल्या आष्टीत, समुद्रापासून शेकडो मैल दूर बसून मी हे का लिहिते आहे? माझे सासरे, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, वयाची ऐंशी ओलांडलेले आहेत. शेत सुटले, गुडघे थकले, आणि दिवसाचा बराच वेळ ओसरीवर जातो. त्यांची औषधे, पथ्य, रक्तदाब यांची नोंद मी नेटाने ठेवते. तरी काही महिन्यांपूर्वी ते सहज म्हणाले, “मला आता कुणी काही विचारत नाही.” या वाक्यावर कोणत्या गोळीचा उतारा आहे, हे मला ठाऊक नव्हते. तेशिमाविषयी वाचताना ते वाक्य मनात सारखे घोळत राहिले.

२०१० साली त्या समुद्रातल्या बेटांवर एक कलामहोत्सव सुरू झाला. तेव्हापासून तो दर तीन वर्षांनी भरतो. संचालक फ्राम किटागावा. उद्दिष्ट होते समुद्राचे पुनरुज्जीवन, आणि त्याचबरोबर तरुण निघून गेल्यावर मागे राहिलेल्या वृद्धांच्या चेहऱ्यावर पुन्हा हसू आणणे. येथे एक गोष्ट स्पष्ट म्हणावीशी वाटते. कलेने तेशिमाचा कचरा उचलला नाही. तो लोकांच्या लढ्याने उचलला गेला. पण माती स्वच्छ झाली म्हणून गाव जिवंत होतेच असे नाही, आणि कलाकारांचे काम तेथून पुढे सुरू झाले.

रेई नाइतो ही चित्रशिल्पी आणि वास्तुकार र्यूए निशिझावा यांनी तेशिमावर एक संग्रहालय उभारले. आत एकही चित्र नाही. पाण्याच्या थेंबासारखे पांढरे काँक्रिटचे कवच, एकही खांब नाही, छताला दोन मोठी मोकळी भोके. जमिनीतल्या बारीक छिद्रांतून पाण्याचे थेंब वर येतात, घरंगळतात, एकमेकांत मिसळतात. बस, इतकेच. पण या वास्तूभोवतीची पडीक भातखाचरे गावकऱ्यांच्या सहभागाने पुन्हा लागवडीखाली आणली गेली, आणि मला ते संग्रहालयाहून मोठे वाटते. बांध कसा घालायचा, पाणी कोणत्या खाचरातून कुठे सोडायचे, हे ज्ञान कोणत्याही वास्तुकाराकडे नसते. ते म्हाताऱ्या हातांत असते. तिथेच ‘शिमा किचन’ नावाचे भोजनगृह आहे. तेथे बेटावरच्या स्त्रिया बेटावरचीच भाजी आणि मासळी रांधून पाहुण्यांना वाढतात.

ख्रिस्तियान बोल्तान्स्की या फ्रेंच कलाकाराने त्याच बेटावर समुद्रकाठी जगभरातल्या माणसांच्या हृदयाचे ठोके साठवून ठेवले आहेत. अंधाऱ्या खोलीत एक दिवा ठोक्याच्या तालावर उजळतो आणि विझतो. रोज रक्तदाबाचे यंत्र हाताळणाऱ्या मला ही कल्पना प्रथम काहीशी उदास वाटली. बोल्तान्स्की स्वतः २०२१ मध्ये गेले. मागाहून वाटले, ठोके मोजणे निराळे आणि ते कान देऊन ऐकणे निराळे.

शेजारच्या ओशिमा बेटाची कथा अधिक कठोर आहे. १९०९ पासून तेथे कुष्ठरुग्णांना समाजापासून तोडून ठेवले जाई. तो कायदा १९९६ मध्ये रद्द झाला. महोत्सवात हे बेटही आहे, आणि तेथे आयुष्य घालवलेल्या वृद्धांच्या आठवणींवर कलाकारांनी काम केले. वरोऱ्याचे आनंदवन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना वेगळे काही सांगायला नको. तेथेही टाकलेल्या माणसांनी टाकलेली जमीन फुलवली.

अर्थात सारे गोड नाही. पहिल्याच महोत्सवाला नऊ लाखांहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या. इवल्याशा बेटांना एवढी गर्दी सोसते का, ही शंका रास्त आहे.

हे सारे मी अण्णांना दुपारी वाचून दाखवले. त्यांनी कलेविषयी काही विचारले नाही. विचारले ते असे, “ती विषारी माती उचलली, मग टाकली कुठं?” शेतकऱ्याचाच प्रश्न. ती जहाजाने शेजारच्या नाओशिमा बेटावर नेऊन प्रचंड उष्णतेत वितळवली, उरलेली मळी बांधकामात वापरली, असे सांगितल्यावर त्यांचे समाधान झाले. दुसरा प्रश्न होता, “पोरं परत आली का त्यांची?” काही आली. ओगिजिमा बेटावरची बंद पडलेली शाळा २०१४ मध्ये पुन्हा उघडली, कारण काही कुटुंबे मुलाबाळांसह तेथे परतली. अण्णा बराच वेळ गप्प होते.

नंतर त्यांनी नातवाला वही आणायला सांगितली. आमच्या शेतालगतचा ओढा त्यांच्या लहानपणी कसा वाहत होता ते ते सांगत होते आणि तो काढत होता: शिंदीची झाडे, गुरे पाणी पीत ती जागा, उन्हाळ्यात वाळू उकरून झरा काढायचे तो डोह. आज तेथे बाभळी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या आहेत. दोन रविवार झाले, नकाशा अजून अपुरा आहे. डोहाच्या वरचे वळण डावीकडे होते की उजवीकडे, यावर अण्णांचे आणि त्यांच्या एका बालमित्राचे मतभेद आहेत, आणि ते मिटवण्यासाठी दोघांनाही बैलगाडीतून ओढ्यापर्यंत न्यावे लागणार आहे. डॉक्टरांना विचारले. त्यांनी टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन, सकाळच्या उन्हात जायला हरकत नाही असे सांगितले आहे.