पिशवी काढायच्या आधी रिपोर्ट दाखवा

'कॅन्सर' हा शब्द डॉक्टरच्या तोंडून ऐकला की आमच्या आयाबहिणींना पुढचा प्रश्न सुचत नाही. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं म्हणून बाई दवाखान्यात जाते. 'पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल,' एवढं ऐकून मुकादमाकडून उचल घेते आणि टेबलावर आडवी होते. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. २०१९ साली सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीसमोरचे हे आकडे आहेत. आमचा प्रश्न साधा आहे : यातल्या कितीजणींच्या हातात बायोप्सीचा रिपोर्ट होता?

गर्भाशयमुखाचा कॅन्सर अंदाजाने किंवा नुसत्या सोनोग्राफीने ठरत नाही. संशय आला तर कॉल्पोस्कोपने मुख नीट पाहून छोटा तुकडा काढतात आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तेवढ्याने उलगडा झाला नाही तर कोन बायोप्सी करतात. भूल देऊन मुखाचा शंकूसारखा भाग सुरीने किंवा विजेच्या तारेने कापून घेतात. कॅन्सर ३ मिलिमीटरपेक्षा खोल नसेल, रक्त आणि लसीकावाहिन्यांत शिरलेला नसेल आणि तुकड्याच्या कडा स्वच्छ असतील, तर मूल हवं असलेल्या बाईसाठी हीच तपासणी उपचारही ठरू शकते. पिशवी शाबूत राहते. रक्तस्रावाचा आणि पुढे मुदतीआधी बाळंतपण होण्याचा धोका असतो, नियमित तपासणीही लागते. पण निवड बाईच्या हातात राहते.

विषाणूच्या संसर्गापासून हा कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर तपासणीला एक दिवसही उशीर करू नये. पण 'रिपोर्ट नको, आजच ऑपरेशन' म्हणणाऱ्याची घाई रोगासाठी नसते, बिलासाठी असते.

काहीजण म्हणतात, बायकांनाच पाळीची कटकट नको होती. फडावर ना संडास, ना पाणी, आणि एक खाडा पडला की मुकादम पैसे कापणार. अशा जागी दिलेल्या होकाराला आम्ही संमती म्हणत नाही.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या बिलाची बाजू घेतली. आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलावा, ही त्यांची भूमिका होती. कष्टकरी बाईचं शरीर हा तिचा खासगी प्रश्न नाही, हे त्यांनी तेव्हाच मांडलं होतं.

म्हणून कार्यकर्त्यांनो, वस्तीतली बाई ऑपरेशनला निघाली की सोबत जा आणि तीन प्रश्न विचारा. तुकडा तपासला का? रिपोर्ट कुठे आहे? पिशवी न काढता इलाज होतो का? आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात कॉल्पोस्कोपी आणि बायोप्सी फुकट मिळेपर्यंत निवेदनं देत राहा. रिपोर्ट मागणं हा उद्धटपणा नाही, तो हक्क आहे.

जय भीम!