पौलाचा काटा

संत पौलाच्या शरीरात एक काटा होता. तो कसा होता, नेमका कुठे रुतला होता, कोणालाच ठाऊक नाही. पंडितांनी मात्र त्याची चौकशी कधी थांबवली नाही. कोणी म्हणाले, डोळ्यांचे दुखणे. गलतीकरांना आपण मोठाल्या अक्षरांत लिहीत असल्याचे पौल सांगतो ना! विल्यम रॅमसे यांनी हिवताप ठरवला. कोणी अपस्मार म्हणाले, कोणी पाठीस लागलेले विरोधक. काटा सगळ्यांना पुरून उरला. नाव न सांगण्यातच त्याची हुशारी आहे, असे मला वाटते. नाव कळते, तर ते दुखणे पौलाचे एकट्याचे होऊन बसते.

हा काटा आपल्याला भेटतो करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, इसवी सन 55-56च्या सुमारास. करिंथ म्हणजे दोन बंदरांचे, खुळखुळत्या पैशाचे गाव. मोठेपणा मिरवायची तिथे कोणाला लाज नव्हती. बाब्बियस फिलिनस नावाच्या बड्या असामीने स्वखर्चाने एक वास्तू उभारली आणि नगराचा अधिकारी या नात्याने तिला आपणच मंजुरी दिली. हे त्याने लपवले तर नाहीच, उलट दगडावर कोरून ठेवले! अशा गावातल्या मंडळीत शिफारसपत्रे मिरवणारे फर्डे उपदेशक शिरले, आणि पौलाबद्दल कुजबुज सुरू झाली. पत्रे वजनदार लिहितो हो, पण समोर आला की दम नाही, आणि बोलणे तर अगदीच टाकाऊ.

पौल काही ऐरागैरा नव्हे. गमालियेलाच्या पायाशी शिकलेला, तंबू करून स्वतःचे पोट भरणारा, फटके आणि तुरुंग सोसलेला. बढाई हा वेडेपणा आहे, असे आधी बजावून तो बढाई मारायला बसतो खरा. पण सांगतो काय, तर हालअपेष्टा. आणि सगळ्यांच्या शेवटी दिमिष्कची फजिती: अरितास राजाच्या अधिकाऱ्याने शहरावर पहारा बसवला, तेव्हा या प्रेषिताला पाटीत बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडावे लागले.

पाटीतून उतरतो न उतरतो तोच पौल वर जातो, थेट तिसऱ्या स्वर्गात. अनुभव चौदा वर्षांपूर्वीचा. पण सांगण्याची रीत बघा: आपल्या ओळखीचा एक माणूस होता, तो स्वर्गापर्यंत उचलला गेला, देहासह की देहाविना हे देवालाच ठाऊक. जणू शेजाऱ्याची हकिगत. काट्याची गोष्ट निघाली की मात्र तो सरळ ‘मला’ म्हणतो. स्वर्ग परक्याच्या नावावर, काटा स्वतःच्या. सगळ्या बायबलात अहंकारावर याहून नेमके बोट ठेवलेले मला आढळलेले नाही.

काट्याचे कूळही विचित्र. पौल त्याला सैतानाचा दूत म्हणतो, ठोसे मारणारा. आणि काम मात्र तो देवाचे करतो. एवढी दर्शने झालेल्या माणसाने फुगू नये, म्हणून त्याची नेमणूक. पौलाने तीनदा विनवले, हा जाऊ दे. तीनदा नोटीस बजावूनही खोली न सोडणाऱ्या भाडेकरूसारखा काटा राहिला तो राहिलाच. उत्तर एवढेच मिळाले की कृपा पुरेशी आहे, आणि सामर्थ्याला पूर्णता येते ती अशक्तपणातच.

आपल्याकडच्या मंडळ्यांतून कोणी साक्ष द्यायला उभे राहिले, की पुष्कळदा उलटे ऐकू येते. दर्शन ‘मला’ झाले, चमत्कार ‘माझ्या’ प्रार्थनेने झाला, आणि चूक? ती होते ‘आपल्याकडून’, सगळ्यांत वाटून. काही जण त्याहून तरबेज: ते काट्याचीच बढाई मारतात. आपल्याइतका नम्र माणूस गावात नाही, हे ते फार हळू आवाजात सांगतात. तेही आधार पौलाचाच देतात, कारण आपण आपल्या दुर्बलतांचीच प्रौढी मिरवू, असे तो म्हणालाच आहे. पण तो तसे म्हणाला ते तीनदा नकार पचवल्यावर, हे सोयीस्करपणे गाळले जाते.

काट्याची गोष्ट बाराव्या अध्यायात आहे. अध्याय पाडले गेले ते थेट मध्ययुगात, आणि ती रेघ नेमकी पाटी आणि स्वर्ग यांच्यामधून गेली. तेव्हा बारावा अध्याय वाचायला घ्याल, तर अकराव्याच्या शेवटच्या दोन वचनांपासून सुरुवात करा.